तिसरी फेरी

आजवर माझ्या हातून एकाच माणसाचं डोकं फुटलं आहे. तो बुलडोझर चालवत होता आणि मी गरिबांच्या घरहक्कासाठी भांडणाऱ्या संस्थेत शिकाऊ कार्यकर्ती होते. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चूक कुणाची ते विचारायलाच नको. विटेचा तुकडा उचलताना मलाही तसंच वाटलं होतं.

राग मला जन्मजात. अकराव्या वर्षी मी धाकट्या भावाचा पुढचा दात पाडला, कारण त्यानं माझ्या चित्रकलेच्या वहीवर चहा सांडला होता. शाळेत एका मुलीची वेणी धरून तिला भिंतीवर आपटलं, तेव्हा बाबांना कारखान्यातून सुट्टी घेऊन यावं लागलं. बाबा रेल्वेचे डबे दुरुस्त करायचे. आजोबा विदर्भातून पोट भरायला रायपूरला आले आणि मरेपर्यंत अंगठाच लावत राहिले, म्हणून बाबांना लिहिलेल्या अक्षराचा फार मान. खिशाला पेन लावल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नसत. शाळेतून परतताना ते एवढंच म्हणाले, "पोट्टे, हात उचलला तं माफी तरी मांगता येते. पण कागदावर खोटं लिहू नको कधी. ते तुह्या मागं मागं चालत येते."

मी म्हणाले, "हाँ बाबा, समझ गई." आम्ही भावंडं बाबांना हिंदीतच उत्तर द्यायचो.

राज्य नवं झालं आणि आमचं धुळकट रायपूर राजधानी झालं. गाड्यांवरच्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांवरच्याही बदलल्या, आणि जिथून म्हशी चालायच्या तिथून लाल दिव्याच्या गाड्या धावू लागल्या. रस्ता रुंद करायचा म्हटलं की कुणाची तरी भिंत आड येतेच, आणि ती भिंत कधी बंगल्याची नसते. मी तेव्हा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजनं फर्मान काढलं, तीन महिने कुठल्या तरी संस्थेत काम करा. मैत्रिणींनी बालवाड्या निवडल्या. मी भांडायला मिळेल अशी जागा शोधली.

ती जागा शंकर नगरात एका शिंप्याच्या दुकानावर, दोन खोल्यांत होती. संस्था चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदी म्हणत. पन्नाशीच्या, काटकुळ्या, डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. कुठल्याशा जुन्या मोर्चात लाठी बसून ती मोडली होती आणि नीट जुळलीच नाहीत. आम्ही पाच विद्यार्थी पहिल्या दिवशी गेलो तेव्हा घोषणांचे फलक कुठे ठेवलेत ते शोधत होतो. दीदींनी आमच्या हातात गेरूचे डबे, कुंचले आणि फॉर्मांचे गठ्ठे ठेवले. "नारे बाद में," त्या म्हणाल्या, "पहले दरवाज़े गिनो."

बीरगांवच्या पुढे, कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक पारा, म्हणजे झोपड्यांची वस्ती, होता. तो हटणार हे ठरलंच होतं. तिथल्या लोकांना दुसरीकडे पक्क्या खोल्या मिळायच्या होत्या. पण कचेरीचं म्हणणं होतं की बऱ्याच झोपड्या रिकाम्याच आहेत, नुसती कुलपं लावून जागा अडवली आहे. म्हणून आम्ही प्रत्येक दारावर गेरूनं नंबर टाकायचा, आत कोण राहतं ते लिहून घ्यायचं, आणि दीदी ती यादी कचेरीत देणार. दीदींचा एक नियम होता आणि त्यात कुणाला सूट नव्हती. कुलूप दिसलं तर तीन फेऱ्या. तिन्ही वेगवेगळ्या वेळी, आणि तिसरी पहाटे साडेपाचला. सिलतऱ्याच्या कारखान्यांत मजूर नेणारा ट्रक सहाला येई, त्याच्याआधी सगळी घरं जागी असत. त्या वेळीही कुणी भेटलं नाही तरच फॉर्मवर 'रिक्त' लिहायचं.

मला जोडीदार मिळाली ती आरंगकडच्या खेड्यातली, सावकाश बोलणारी मुलगी. तिला कशाचाच राग यायचा नाही, म्हणून मला तिचा राग यायचा. गल्ल्या आम्ही वाटून घेतल्या. माझ्या गल्लीत शेवटून दुसरं घर त्रेसष्ट नंबरचं.

पहिल्यांदा गेले ती अकराची वेळ होती. पत्र्याचं दार, त्याला बाहेरून कुलूप. माझ्या उजव्या हातात पितळेचं जाड कडं असायचं, त्यानं मी पत्रा वाजवला. आत सामसूम. दारापुढच्या दोरीवर एक लुगडं वाळत होतं आणि त्याचा काठ अजून ओला होता. हे मी पाहिलं. पाहिलं नाही असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते, पण पाहिलं.

दुसऱ्यांदा गेले ती भर दुपारी. पुन्हा कुलूप, पुन्हा कड्यानं ठणठण. शेजारीण अंगणात धुणं धूत होती. तिच्या कपाळावर ताजे टाके होते. त्रेसष्टवालीशी हातपंपावर नंबर लावण्यावरून तिचं वाजलं होतं आणि दोघींनी एकमेकींच्या डोक्यात बादल्या घातल्या होत्या, हे मला मागाहून कळलं. मी विचारलं, इथे कोण राहतं? "कुत्ता रथे," कुत्रं राहतं, ती म्हणाली, आणि साबणाचं घाण पाणी माझ्या पायांवर फेकलं. माझी नवी सलवार होती. मी हातातला गेरूचा डबा तिच्या भिंतीवर भिरकावला. भिंतभर लाल ओघळ. ती धोपाटणं घेऊन धावली, एक माझ्या दंडावर बसलं, मी तिचे केस धरले. जोडीदारणीनं मला कमरेला धरून ओढत नेलं नसतं तर तिचे टाके माझ्याच हातून उसवले असते.

तिसऱ्या फेरीच्या पहाटे मी जागी होते. झोप लागून राहिली असती तर निदान तेवढी सबब झाली असती. गजर झाला, तो मी बंद केला आणि छताकडे बघत पडून राहिले. त्या बाईच्या दाराजवळून पुन्हा जायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. दहा वाजता संस्थेत, पंख्याखाली बसून, मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: तिसरी फेरी, सकाळी साडेपाच, कुलूप, रिक्त. खाली सही केली. जोडीदारीण त्या पहाटे तिच्या गल्लीत गेली होती आणि चहाच्या टपरीवर माझी वाट बघून परतली होती. तिनं माझा फॉर्म वाचला आणि तिच्या फॉर्मांखाली ठेवला.

दीदींनी यादी कचेरीत दिली. बरीच घासाघीस होऊन ठरलं, की ज्या घरांत माणसं आहेत त्यांना खोल्या मिळेपर्यंत हात लावायचा नाही. यादीत रिक्त आहेत तेवढीच आता पाडायची. दीदींना तो विजय वाटला. आम्ही खाली जाऊन समोसे खाल्ले.

पाडापाडीच्या दिवशी दहा वाजताच ऊन अंगात घुसत होतं. एक बुलडोझर, दोन गाड्या भरून लाठीवाले, आणि हातात यादीची नक्कल घेतलेला एक साहेब. दीदी लोकांना ओरडून सांगत होत्या की फक्त रिकामी घरं पडणार आहेत, पण ज्यांचं घर आधी दोनदा पाडलं गेलंय ती माणसं कागदावर विश्वास कशी ठेवतील? पहिली भिंत पडली तशी तिच्या धुळीतून कोंबड्या उडाल्या आणि बायका यंत्रापुढे आडव्या झाल्या. कुणीतरी दगड मारला. मग लाठ्या सुरू झाल्या. त्या डोक्यावर, पाठीवर, पोटऱ्यांवर, जिथे लागतील तिथे पडत होत्या. एका म्हाताऱ्याचा जबडा वाकडा झालेला मी पाहिला. तो दोन्ही हातांनी तोंड जागेवर धरून उभा होता. माझ्या जोडीदारणीला एका शिपाईणीनं केसांनी धरून गाडीपर्यंत फरफटत नेलं. मी त्या शिपाईणीच्या मनगटाला चावले आणि माझ्या गळ्याच्या हाडावर लाठी बसली. हाड मोडल्याचा आवाज मला कानांनी नाही, दातांत ऐकू आला.

मी मातीत पडले होते तेव्हा बुलडोझर माझ्याच गल्लीत वळला. त्रेसष्ट. त्यानं सुपडं उचललं आणि बाजूची भिंत अर्धी खाली आणली. तेवढ्यात ती शेजारीण, तीच टाक्यांची बाई, छाती बडवत धावली. "डोकरी भीतरी हे! डोकरी भीतरी हे!"

म्हातारी आत आहे.

यंत्राच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मी डाव्या हातानं विटेचा तुकडा उचलला. ड्रायव्हरला थांबवायचं म्हणून मारला, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर तो मरावा म्हणून मारला. तुकडा त्याच्या भुवईवर बसला, रक्ताची चिळकांडी उडाली आणि त्याचा हात दांड्यावरून सुटला. सुपडं खाली आलं आणि उरलेली भिंत आत कोसळली. ती माझ्या विटेमुळे पडली की तशीही पडणारच होती, हे मला आजही माहीत नाही.

पहिला आत शिरला तो ड्रायव्हरच. डोळ्यात रक्त जात होतं, ते बाहीनं पुसत तो विटा उपसत होता. शेजारीण त्याच्या बाजूला नखांनी माती ओढत होती. म्हातारी सापडली ती दारालगत, अगदी दाराला चिकटून. डोळे पांढरे, आंधळे. डावा पाय गुडघ्याखाली चौकटीच्या दगडाखाली अडकलेला. दगड उचलला तेव्हा पाय पायासारखा राहिला नव्हता. ती किंचाळली नाही. तोंड उघडून बंद करत राहिली, बस.

तिला गाडीत घातल्यावर मी ड्रायव्हरवर धावून गेले. हात चालत नव्हता, तोंड चालत होतं. खुनी, राक्षस, जे येईल ते. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "बहनजी, इसमें तो रिक्त लिखा है."

यादीला जोडलेल्या फॉर्मची झेरॉक्स होती. अक्षर माझं होतं.

एक हवालदार आला आणि वीट कुणी मारली म्हणून विचारू लागला. ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. "दीवार से गिरी," तो म्हणाला आणि कपाळाला रुमाल दाबून निघून गेला.

दुपारी घरवाली आली. सिलतऱ्याला कोळसा निवडण्याचं तिचं काम, तोंड आणि हात काळे. कुणीतरी ट्रकवाल्याला निरोप दिला होता. ती ढिगाऱ्यापाशी गेली. पत्र्याचं दार मातीवर आडवं पडलं होतं, कुलूप तसंच लागलेलं. तिनं कमरेची किल्ली काढली, खाली बसली आणि ते कुलूप उघडलं. मग त्या साहेबाच्या अंगावर झेपावली. चार जणांनी धरलं तरी तिनं त्याच्या शर्टाचा खिसा फाडलाच. शिव्या ऐकल्यावर कळलं, ही आमच्याच मुलखातली. गोंदियाकडची. नवरा भट्टीवर भाजून गेलेला, मागे ही आणि तिची सासू. मी तिला मावशी म्हणू लागले.

"तिले दिसत नाही," मावशी मला सांगत होती. "दार उघडं ठेवलं का रोडावर जाते, ट्रकाखाली येईन. म्हणून कुलूप लावून जाते मी. आन् कोणी वाजवलं तं आवाज देऊ नको म्हणून बजावलं होतं. घरं हटवणारे येऊन राहिले ना सारखे." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्या हाताची मला आज किळस येते.

म्हातारीचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. चार दिवसांनी मावशी खोलीसाठी कचेरीत गेली, तर कारकुनानं यादी वाचून दाखवली. त्रेसष्ट, तीन फेऱ्या, रिक्त. रिकाम्या घराला खोली नाही. घर गेलं, पाय गेला आणि कागदावर तिथे कधी कुणी राहतच नव्हतं. दीदींनी तक्रार लिहायला घेतली आणि मला विचारलं, "तीनों बार गई थी न?"

"हाँ दीदी," मी म्हणाले. गळ्याचं हाड पट्ट्यात बांधलेलं, सगळे मला शूर समजत होते. खरं बोलले तर सगळी यादीच खोटी ठरेल, बाकीच्यांच्या खोल्याही जातील, असं मी स्वतःला समजावलं होतं. ते अगदीच चूक नव्हतं, म्हणून तर सोयीचं होतं. जिन्यात जोडीदारणीनं मला गाठलं. केस उपटून गेलेल्या जागी तिच्या डोक्याला पट्टी होती. "तैं बता दे," ती तिच्या सावकाश आवाजात म्हणाली, "नहीं त मैं बताहूँ." मी तिला ढकललं. ती दोन पायऱ्या खाली गेली, कठडा धरून उभी राहिली आणि पुन्हा तेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पुडा घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. सांगायला गेले होते की बघायला, कोण जाणे. मावशी म्हातारीच्या पायाशी, म्हणजे जिथे एकच पाय होता तिथे, बसली होती. पुडा ठेवायला वाकले तेव्हा पट्ट्यातल्या हाताचं कडं लोखंडी खाटेला लागून वाजलं.

म्हातारीनं मान वळवली. "हे तं तेच पोट्टी होय," ती म्हणाली. "पत्र्यावर कड्यानं वाजवणारी. दोनदा आलती. मी दाराले कान लावून बसली होती."

मी दुसऱ्या हातानं कडं दाबून धरलं.

"सुनेनं आवाज देऊ नको म्हटलं होतं, म्हणून नाही देला. पण दुसऱ्यांदा आली तवा म्हटलं, हे परत येईन. आमच्या गावाकडं म्हणत, एकदा येते तो वाट चुकलेला, दोनदा येते तो काही मांगणारा, आन् तिसऱ्यांदा येते तो आपला. म्हटलं आता वाजवलं का आवाज देतो. रोज दारापाशीच बसो मी." ती थांबली. "मंग तू आलीच नाही काहून?"

मावशी हळूहळू उठली. "कागदावर तं तीन लिहून हाय," ती म्हणाली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

पहिली थप्पड मला आडवं करून गेली. मी शेजारच्या खाटेवर आदळले, सलाइनचा खांब माझ्यावर पडला, आणि मोडलेल्या हाडातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. तिनं मला झिंज्या धरून उठवलं आणि पुन्हा मारलं, कोळशानं खरबरीत झालेल्या हातानं, तोंडावर, कानावर, पुन्हा तोंडावर. ओठ फाटला. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी उलट हात उचलला नाही. नर्सनी तिला ओढून काढलं तेव्हा ती धापा टाकत एवढंच म्हणाली, "सांगशील का नाही?"

"सांगीन," मी म्हणाले. मराठीत.

त्याच दुपारी दीदींना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. वाकड्या बोटांनी कपाळ दाबून बसल्या. "अब वो पूरी सूची को झूठा बोलेंगे," म्हणाल्या. "बोलने दे. पर बोलेगी तू ही." सुनावणीत मी उभी राहून सांगितलं की मी दोनदाच गेले, तिसरी फेरी खोटी आहे, त्या घरात दोन बायका राहत होत्या. त्या साहेबानं हसून विचारलं, "मतलब सब फर्ज़ी?" माझ्या हाताशी पाण्याचा काचेचा ग्लास होता. मी तो घट्ट धरून ठेवला. सगळ्या कुलूपबंद घरांची चौकशी पुन्हा करा, असा हुकूम झाला. पहाटे साडेपाचला, दोन्हीकडची माणसं सोबत घेऊन आम्ही फिरलो, पाडलेल्या घरांबद्दल शेजाऱ्यांना विचारलं. इतर नोंदी खऱ्या निघाल्या. खोटी माझी एकच होती. बाकीच्यांच्या खोल्या वाचल्या आणि मावशीचं नाव यादीत चढलं. संस्थेतलं माझं काम मात्र त्या दिवशी संपलं. दीदींनी माझ्या कॉलेजला जे घडलं तेच लिहून कळवलं आणि माझं ते वर्ष गेलं. बाबांनी ते पत्र वाचलं, घडी घातली, खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि तसेच भाजी आणायला गेले.

ड्रायव्हरला मी शोधून काढलं, माफी मागितली. भुवईवर पांढरा व्रण होता. "भर गया, बहनजी," तो म्हणाला आणि चहा पाजला.

मावशीची नवी खोली तळमजल्यावर, लोखंडी दाराची. ती अजून कामावर जाते आणि बाहेरून कुलूप लावते. मी पहिल्यांदा दुपारी गेले, कड्यानं दार वाजवलं. उत्तर नाही. आठवड्यानं पुन्हा गेले. नाही. तिसऱ्यांदा गेले तेव्हा वाजवून मी मोठ्यानं म्हणाले, "आजी, मी होय. तिसऱ्यांदा आली." आत कुबडी फरशीवर घासली, घासत दाराशी आली आणि थांबली. तिनं कान लावला असणार. मी बराच वेळ उभी होते. तिनं आवाज दिला नाही.